लिनक्सच्या बूट स्क्रीनचे रेझोल्यूशन बदलायचे कसे: आधी स्क्रीन कोणाची ते ओळखा

संगणक सुरू केल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंतचे काही सेकंद अनेकांच्या लिनक्स मशीनवर बेढब दिसतात. ग्रबच्या, म्हणजे कोणती प्रणाली सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूतली अक्षरे एकतर भलीमोठी आणि दातेरी असतात, नाहीतर फोर-के मॉनिटरवर मुंगीएवढी. लोगो आडवा ताणलेला असतो. मध्येच सगळे काळे होते आणि परत उजळते. लॉगिनची स्क्रीन आली की मात्र सगळे जागच्या जागी असते. मग शोधाशोध सुरू होते, कुठल्यातरी फाइलमध्ये एक ओळ घातली जाते, आणि बऱ्याचदा फरक काहीच पडत नाही. कारण ती ओळ दुसऱ्याच टप्प्यासाठी असते.

बूट होताना एकामागून एक चार-पाच प्रोग्राम स्क्रीनचा ताबा घेतात आणि प्रत्येकाला रेझोल्यूशन सांगायची जागा वेगळी असते. बिघाड कोणाच्या पाळीत होतो आहे हे एकदा कळले की दुरुस्ती बहुतेक वेळा एका ओळीची निघते. म्हणून हा लेख त्याच क्रमाने जातो.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक सूचना. इथे कमांड, फाइलींची नावे आणि आकडे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते सगळे रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायचे. जिथे स्पेलिंगचा घोळ होऊ शकतो तिथे अक्षरे सुटी करून सांगितली आहेत. रेझोल्यूशनमधली फुली म्हणजे टाइप करताना लहान लिपीतले एक्स हे अक्षर.

कोणाची पाळी कधी

पॉवरचे बटण दाबल्यावर कंपनीचा लोगो दिसतो तो फर्मवेअरचा, म्हणजे यूईएफआय किंवा जुन्या मशीनवर बायोसचा. त्याचे रेझोल्यूशन लिनक्समधून बदलत नाही. फार तर फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये सीएसएम हा जुना सुसंगतता मोड बंद केला तर तो सुधारतो. त्यानंतर ग्रबचा मेनू येतो. मेनूतून निवड झाली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालू होतो आणि सुरुवातीला फर्मवेअरने उघडून दिलेल्या साध्या फ्रेमबफरवर, म्हणजे स्क्रीनवरचे चित्र साठवणाऱ्या मेमरीवर, लिहितो. थोड्याच वेळात ग्राफिक्स कार्डाचा खरा ड्रायव्हर, म्हणजे इंटेलसाठी आय९१५, एएमडीसाठी एएमडीजीपीयू, एनव्हिडियासाठी नूव्हो किंवा कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर, स्क्रीन हातात घेतो आणि मॉनिटरचे मूळ रेझोल्यूशन लावतो. याला कर्नल मोड सेटिंग म्हणतात, रोजच्या बोलण्यात केएमएस. इंटेलसाठी ही सोय मार्च २००९ मधल्या २.६.२९ या कर्नलमध्ये आली. त्याआधी हे काम डेस्कटॉपचे चित्र दाखवणारा एक्स सर्व्हर करायचा, म्हणून बूटच्या वेळी सगळे ओबडधोबडच असायचे. केएमएसच्या वर प्लायमाउथ हा प्रोग्राम वितरणाचा, म्हणजे उबुंटू किंवा फेडोरासारख्या लिनक्सच्या प्रकाराचा, लोगो आणि फिरते चक्र दाखवतो. शेवटी लॉगिन व्यवस्थापक येतो.

ओळखायची युक्ती सोपी आहे. मेनूची अक्षरे बिघडलेली असतील तर दोष ग्रबकडे. मेनू ठीक आहे पण त्यानंतरच्या पांढऱ्या ओळी मोठ्या आणि धूसर आहेत, तर कर्नलकडे. ओळी ठीक पण लोगो आधी मोठा आणि मग एकदम लहान होतो, तर ड्रायव्हर उशिरा लोड होतो आहे. शंका असेल तर मेनूवर नोंद निवडून ई दाबा, लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतले क्वाएट आणि स्प्लॅश हे दोन शब्द काढा आणि कंट्रोल-एक्स दाबून बूट करा. आता लोगोचा पडदा मध्ये येत नाही आणि कुठल्या क्षणी अक्षरांचा आकार बदलला ते डोळ्यांना दिसते. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो.

हात घालण्याआधी

फाइलची प्रत ठेवा:

सुडो सीपी /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब.बीएके

आणि मेनू उघडता येतो याची खात्री करा. अनेक वितरणांत तो लपवलेला असतो. उबुंटूसारख्या वितरणात यूईएफआय मशीनवर सुरुवातीलाच एस्केप दाबावी लागते, बायोस मशीनवर शिफ्ट दाबून धरावी लागते. एस्केप जास्त वेळा दाबली गेली तर ग्रबचा रिकामा प्रॉम्प्ट येतो. घाबरायचे कारण नाही, नॉर्मल असा शब्द टाइप करून एंटर दाबले की मेनू परत येतो. मेनूपर्यंत पोहोचता येत असेल तर या लेखातली कुठलीही कर्नलची चूक ई दाबून त्या वेळेपुरती काढून टाकता येते. ही वाट माहीत नसताना प्रयोग करू नयेत असे माझे ठाम मत आहे, कारण स्क्रीन काळी पडली की समोर सूचना वाचायलाही काही उरत नाही.

ग्रब

ग्रबला हवे ते रेझोल्यूशन लावता येत नाही. फर्मवेअरने दिलेल्या यादीतूनच त्याला निवडावे लागते. त्यामुळे पहिले काम म्हणजे ती यादी पाहणे. मेनूवर सी दाबा, प्रॉम्प्ट येईल. तिथे आधी सेट पेजर=१ लिहा, म्हणजे लांब यादी पळून जाणार नाही. मग

व्हिडिओइन्फो

ही कमांड द्या. दोन्ही शब्द जोडून, लहान लिपीत. प्रत्येक ओळीत एक मोड दिसेल: क्रमांक, रुंदी, उंची, रंगांची खोली. चालू मोडपुढे तारांकन असते. यादी कागदावर उतरवून घ्या किंवा फोनने फोटो काढा. जुन्या बायोस लॅपटॉपवर इथे अनेकदा निराशा होते: पॅनेल १३६६×७६८ चे असते आणि यादीत मात्र ६४०×४८०, ८००×६००, १०२४×७६८ एवढेच. अशा वेळी फाइलमध्ये १३६६×७६८ कितीही वेळा लिहिले तरी ते लागणार नाही. तिथे १०२४×७६८ वर समाधान मानावे आणि बाकीचे केएमएसवर सोडावे. सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेले सॉफ्टवेअर अडवणारी फर्मवेअरची सोय, चालू असेल तर ग्रबला बाहेरचे मॉड्यूल घेता येत नाहीत, त्यामुळे व्हिडिओइन्फो सापडत नाही असा संदेश येऊ शकतो. तसे झाले तर यादीविना थेट चाचणीकडे वळा.

चाचणी त्याच प्रॉम्प्टवर होते, आणि ती मला या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची वाटते, कारण काहीही कायमचे न लिहिता निकाल लगेच समोर येतो:

सेट जीएफएक्समोड=१२८०×७२०
टर्मिनल_आउटपुट कन्सोल
टर्मिनल_आउटपुट जीएफएक्सटर्म

दुसऱ्या ओळीने ग्राफिक मोड बंद होतो, तिसऱ्या ओळीने तो नव्या रेझोल्यूशनसह परत सुरू होतो. अक्षरे कशी दिसतात, कडा कापल्या जातात का, हे पाहा. पसंत नसेल तर आकडा बदलून त्याच तीन ओळी पुन्हा. एस्केप दाबले की मेनूवर परत.

पसंतीचा मोड ठरला की लिनक्समध्ये जाऊन फाइल उघडा:

सुडो नॅनो /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब

इथे जीएफएक्समोडची ओळ शोधायची. तिचे नाव पूर्ण मोठ्या लिपीत आहे: जी-आर-यू-बी, अंडरस्कोर, मग जी-एफ-एक्स-एम-ओ-डी-ई. बहुतेक फाइलींत ती आधीपासून असते, पण तिच्यापुढे हॅशचे चिन्ह असते, म्हणजे ती निष्क्रिय असते. हॅश काढा आणि ओळ अशी करा:

ग्रब_जीएफएक्समोड=१९२०×१०८०,१२८०×७२०,ऑटो

स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नाही. ग्रब डावीकडून एकेक मोड करून पाहतो आणि पहिला जमेल तो घेतो. शेवटी ऑटो ठेवणे फार गरजेचे आहे. मॉनिटर बदलला, केबल बदलली तरी काहीतरी दिसेल याची ती हमी आहे. ऑटो म्हणजे मॉनिटरने स्वतः सांगितलेले पसंतीचे रेझोल्यूशन. ते वाचता आले नाही तर ग्रब लहानशा मोडवर उतरतो. मूळ तक्रार बहुधा तिथूनच आलेली असते.

सेव्ह करून फाइल बंद केली म्हणजे काम झाले असे नाही. ग्रब ही फाइल बूटच्या वेळी वाचतच नाही. तो वाचतो ग्रब.सीएफजी, आणि ती या फाइलवरून तयार करावी लागते. डेबियन, उबुंटू, मिंट यांवर:

सुडो अपडेट-ग्रब

आर्चवर:

सुडो ग्रब-एमकेकॉन्फिग -ओ /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी

फेडोरा आणि ओपनसुसेवर नावात दोन येतो:

सुडो ग्रब२-एमकेकॉन्फिग -ओ /बूट/ग्रब२/ग्रब.सीएफजी

फेडोरावाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. यूईएफआय मशीनवर ईएफआय विभाजनाच्या, म्हणजे बूटच्या फाइली असलेल्या डिस्कच्या भागाच्या, आत, फेडोराच्या फोल्डरमध्येही एक ग्रब.सीएफजी असते. जुन्या लेखांत तिच्यावर लिहायला सांगितलेले असते. फेडोरा ३४ पासून ती फाइल फक्त खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी छोटी वाटाडी आहे. तिच्यावर काही लिहू नका.

बदल केला, कमांड दिली, तरी मेनू तसाच? दोन ठिकाणे तपासा. त्याच फाइलमध्ये ग्रब_टर्मिनल=कन्सोल अशी ओळ हॅशशिवाय आहे का? असेल तर ग्रब ग्राफिक मोडमध्ये जातच नाही आणि जीएफएक्समोडला अर्थ उरत नाही. तिच्यापुढे हॅश लावा. दुसरे, डेबियन-उबुंटू परिवारात /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब.डी नावाचे फोल्डर असते. त्यातल्या सीएफजी फाइली मुख्य फाइलनंतर वाचल्या जातात आणि तिच्यातल्या ओळींवर मात करतात. सर्व्हर किंवा क्लाउडसाठीच्या इमेजमधून बसवलेल्या प्रणालीत टर्मिनलची ती ओळ हमखास इथे लपलेली असते.

फोर-के मॉनिटर आणि बारीक अक्षरे

३८४०×२१६० वर मेनू चालवायचा हट्ट धरू नका. ग्रब कार्डाच्या वेगवर्धनाशिवाय, प्रोसेसरकडून एकेक ठिपका रंगवून घेतो; फोर-केमध्ये ठिपके फुल-एचडीच्या चौपट असतात आणि वर-खाली बाण दाबला तरी मेनू रेंगाळतो. वर ग्रबचा मूळ फाँट अवघा १६ ठिपके उंच. यादीत असेल तर सरळ १९२०×१०८० लावा: फोर-केच्या बरोबर निम्मा आकार असल्याने प्रतिमाही बऱ्यापैकी रेखीव दिसते.

मूळ रेझोल्यूशनच ठेवायचे असेल तर फाँट मोठा करा. डेबियन-उबुंटूवर:

सुडो ग्रब-एमकेफाँट -एस ३२ -ओ /बूट/ग्रब/फाँट्स/मोठा.पीएफ२ /यूएसआर/शेअर/फाँट्स/ट्रूटाइप/डेजाव्हू/डेजाव्हूसॅन्समोनो.टीटीएफ

शेवटच्या फाइलच्या नावात डी, व्ही, एस आणि एम या मोठ्या अक्षरांचा घोळ होतो, म्हणून टॅब दाबून नाव पूर्ण करून घ्या. मग डिफॉल्ट-ग्रब फाइलमध्ये ग्रब_फाँट= पुढे त्या पीएफ२ फाइलचा पूर्ण मार्ग लिहा आणि अपडेट-ग्रब चालवा. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर नवीन ग्रब असा बाहेरचा फाँट नाकारू शकतो. तिथे रेझोल्यूशन खाली आणणे हाच मार्ग. आणि थीम लावलेली असेल तर तिचे फाँट तिच्याच फाइलीत ठरलेले असतात, त्यामुळे ही ओळ तिथे चालणार नाही.

ग्रबकडून कर्नलकडे

त्याच फाइलमध्ये आणखी एक ओळ असते किंवा घालता येते: ग्रब_जीएफएक्सपेलोड_लिनक्स=कीप. मेनूसाठी लावलेला मोड कर्नलच्या हाती तसाच दे, असा तिचा अर्थ. यूईएफआय मशीनवर हिला महत्त्व आहे, कारण कर्नलचा सुरुवातीचा साधा फ्रेमबफर स्वतः मोड बदलू शकत नाही. मिळाला त्या मोडवरच तो चालतो. कीपच्या जागी टेक्स्ट लिहिण्याचा सल्ला जुना आहे आणि बायोस मशीनपुरता आहे.

इंटेलच्या स्कायलेक आणि नंतरच्या चिपवर याचा वेगळाच फायदा होतो. आधीपासून लागलेला मोड पॅनेलच्या मूळ मोडशी जुळत असेल तर आय९१५ ड्रायव्हर तो मोडत नाही, आहे तसा पुढे चालवतो. म्हणजे मधला तो काळा झटका नाहीसा होतो. लॅपटॉपवर ग्रबला पॅनेलचेच रेझोल्यूशन द्यायचे खरे कारण मला तरी हे वाटते. मेनू देखणा दिसणे ही वरची कमाई.

कर्नल: आधी काढा, मग घाला

केएमएस नीट चालत असेल तर कर्नलला रेझोल्यूशन सांगावेच लागत नाही. त्यामुळे नवे पॅरामीटर घालण्याआधी जुने कोणते आहेत ते पाहा:

कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन

इथे नोमोडसेट असा जोडशब्द दिसला तर दोषी सापडला. लिनक्स बसवताना सुरक्षित ग्राफिक्सचा पर्याय निवडला असेल तर हा शब्द कायमचा मागे राहतो. त्याने केएमएस पूर्ण बंद होते आणि बूट स्क्रीनच नाही, कधीकधी डेस्कटॉपही १०२४×७६८ वर अडकतो. आधी मेनूतून ई दाबून, तो शब्द काढून एकदा बूट करून पाहा. सगळे ठीक चालले तर डिफॉल्ट-ग्रब फाइलमधल्या ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट आणि ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स या दोन्ही ओळी तपासून तो कायमचा काढा. फेडोरावर हे काम ग्रबी करते:

सुडो ग्रबी --अपडेट-कर्नल=ऑल --रिमूव्ह-आर्ग्स="नोमोडसेट"

ऑल मोठ्या लिपीत.

व्हीजीए=७९१ किंवा व्हीजीए=७९२ असे काही दिसले तर तेही काढा. हे जुन्या व्हीईएसए मोडचे क्रमांक आहेत. ७९१ म्हणजे १६ बिट रंगांत १०२४×७६८. रुंद स्क्रीनचे मोड त्या यादीत प्रमाणित झालेच नाहीत आणि ग्रब २ ने ही पद्धत कधीच मागे टाकली.

एवढे करूनही रेझोल्यूशन चुकीचे असेल तरच व्हिडिओ= हे पॅरामीटर वापरा. त्यासाठी जोडणीचे नाव हवे:

एलएस /एसवायएस/क्लास/डीआरएम

उत्तरात कार्ड०-एचडीएमआय-ए-१, कार्ड१-ईडीपी-१, कार्ड०-डीपी-२ अशी नावे येतात. लॅपटॉपचे स्वतःचे पॅनेल म्हणजे ईडीपी. कार्डाचा भाग आणि त्यापुढची रेघ गाळून उरते ते कर्नलच्या दृष्टीने नाव: एचडीएमआय-ए-१. डेस्कटॉपमधली एक्सरँडआर ही कमांड हेच नाव कधी एचडीएमआय-१ असे दाखवते. ते इथे चालत नाही, आणि लहान-मोठी लिपीही तंतोतंत पाळावी लागते, ईडीपीमधला ई लहान आणि डी-पी मोठे. त्या फोल्डरमधली मोड्स नावाची फाइल कॅटने वाचली की ड्रायव्हरला माहीत असलेली रेझोल्यूशने दिसतात. मग कर्नलच्या ओळीत असे लिहायचे:

व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०×१०८०@६०

शेवटचा आकडा रिफ्रेश दर. यादीत नसलेला मोड लावायचा असेल तर १०८० ला चिकटून मोठा एम लिहा. मग ड्रायव्हर वेळेचे गणित स्वतः करतो. आधी ई दाबून चाचणी, मग फाइलमध्ये. हा क्रम इथे अजिबात चुकवू नये.

दोन मॉनिटर असतील तर आणखी एक गोम आहे. कर्नलचा कन्सोल, म्हणजे नुसत्या मजकुराची स्क्रीन, सगळ्या मॉनिटरवर एकच चित्र दाखवतो आणि त्याचा आकार सर्वांत लहान मॉनिटरप्रमाणे ठरतो. म्हणून फोर-के मॉनिटर लॅपटॉपला जोडलेला असताना मजकूर त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात गोळा होतो. हा बिघाड नाही. व्हिडिओ=ईडीपी-१:डी असे लहान डी देऊन लॅपटॉपचे पॅनेल बंद ठेवता येते, पण मग ते डेस्कटॉपमध्येही बंदच राहते, त्यामुळे झाकण कायम मिटलेले असलेल्या मशीनसाठीच हा उपाय.

एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर असेल तर कर्नलच्या ओळीत एनव्हिडिया-डीआरएम.मोडसेट=१ असणे आवश्यक. कन्सोललाही मूळ रेझोल्यूशन मिळावे म्हणून ५४५ मालिकेपासून एनव्हिडिया-डीआरएम.एफबीडेव्ह=१ हा पर्याय आला. त्याहून जुन्या ड्रायव्हरवर कन्सोल फर्मवेअरच्या मोडवरच राहतो. तिथे ग्रबचा मोड आणि कीप हीच काय ती साधने.

प्लायमाउथचा लोगो

प्लायमाउथला वेगळे रेझोल्यूशन सांगायचे नसते, तो ड्रायव्हरने दिलेले घेतो. लोगो मध्येच आकार बदलत असेल तर ड्रायव्हर सुरुवातीच्या छोट्या प्रणालीत, म्हणजे इनिट्रॅमएफएसमध्ये, घालावा. आधी ड्रायव्हरचे नाव पाहा: एलएसपीसीआय -के. मग डेबियन-उबुंटूवर /इटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/मॉड्यूल्स या फाइलच्या शेवटी ते नाव स्वतंत्र ओळीवर लिहा आणि

सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू

चालवा. आर्चवर /इटीसी/एमकेइनिटसीपीआयओ.कॉन्फमधल्या मॉड्यूल्सच्या कंसात नाव घालून सुडो एमकेइनिटसीपीआयओ -पी, त्यातला पी मोठा.

दाट पिक्सेलच्या स्क्रीनवर प्लायमाउथ स्वतःहून चित्र दुप्पट करतो आणि कधी लोगो अवाढव्य होतो. /इटीसी/प्लायमाउथ/प्लायमाउथडी.कॉन्फमध्ये डेमन या चौकोनी कंसातल्या मथळ्याखाली डिव्हाइसस्केल=१ लिहा; लहान वाटत असेल तर २. त्यानंतर इनिट्रॅमएफएस पुन्हा तयार करायला विसरू नका. प्लायमाउथ तिथूनच चालतो, डिस्कवरची बदललेली फाइल त्या वेळी त्याला दिसत नसते.

ओळींचा मजकूर मोठा हवा असेल

कन्सोलची अक्षरे लहान वाटतात म्हणून रेझोल्यूशन कमी करू नका, फाँट बदला. डेबियन-उबुंटूवर सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर कन्सोल-सेटअप चालवून टर्मिनस फाँट आणि १६×३२ आकार निवडा. इतरत्र टर्मिनस फाँट बसवून /इटीसी/व्हीकन्सोल.कॉन्फमध्ये फाँट=टीईआर-१३२एन लिहा; यातले फाँट मोठ्या लिपीत, पुढचे नाव लहान.

ग्रब नसेल तर

सिस्टमडी-बूट वापरणाऱ्यांसाठी काम छोटे आहे. ईएफआय विभाजनातल्या लोडर/लोडर.कॉन्फ फाइलमध्ये कन्सोल-मोड मॅक्स अशी ओळ लिहा. मॅक्सच्या जागी ऑटो, कीप किंवा ०, १, २ असे क्रमांकही चालतात. शून्य म्हणजे ८० बाय २५ अक्षरांचा जुना मोड. इथे कुठलीही अपडेट कमांड द्यावी लागत नाही. कर्नलची व्हिडिओ= ओळ मात्र लोडर/एंट्रीज फोल्डरमधल्या नोंदीत, ऑप्शन्स शब्दापुढे जाते.

आभासी मशीनमध्ये फर्मवेअरही आभासीच असल्याने यादी तिथेच वाढवावी लागते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ईएफआय चालू असेल तर मशीन बंद करून यजमान संगणकावर:

व्हीबॉक्समॅनेज सेटएक्स्ट्राडेटा "मशीनचे नाव" व्हीबॉक्सइंटर्नल२/ईएफआयग्राफिक्सरेझोल्यूशन १९२०×१०८०

केव्हीएम या लिनक्समधल्या आभासी मशीनच्या सोयीवर ओव्हीएमएफ फर्मवेअर असेल तर बूट होताना त्याच्या मेनूत जाऊन डिव्हाइस मॅनेजरखालच्या ओव्हीएमएफ प्लॅटफॉर्म कॉन्फिगरेशनमध्ये पसंतीचे रेझोल्यूशन बदला. रास्पबेरी पायवर नव्या प्रणालीत केएमएस ड्रायव्हर असल्याने कॉन्फिग.टीएक्सटीमधले एचडीएमआय_मोड दुर्लक्षिले जाते; व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०×१०८०एम@६० हे सीएमडीलाइन.टीएक्सटीमधल्या एकुलत्या एका ओळीच्या शेवटी जागा सोडून लिहायचे. त्या फाइलमध्ये दुसरी ओळ तयार होऊ देऊ नका.

तरीही १०२४×७६८ वरच अडकले असेल

मग दोष बहुधा सॉफ्टवेअरमध्ये नसून मॉनिटर आणि संगणकाच्या मध्ये आहे. प्रत्येक मॉनिटर आपली ओळख ईडीआयडी नावाच्या छोट्या माहितीतून देतो. ती न पोहोचल्यास ड्रायव्हर अंदाजाने सर्वमान्य, लहान मोड लावतो. दोन संगणकांत एकच मॉनिटर वाटून देणारे केव्हीएम स्विच, व्हीजीएचे अडॅप्टर आणि खराब केबल ही माहिती हमखास गिळतात. तपासायचे असे:

कॅट /एसवायएस/क्लास/डीआरएम/कार्ड०-एचडीएमआय-ए-१/ईडीआयडी | डब्ल्यूसी -सी

१२८ किंवा त्याच्या पटीतला आकडा आला तर माहिती मिळते आहे. शून्य आले तर ती हरवली आहे. एलएस -एलने आकार पाहू नका. या फोल्डरमधल्या अशा फाइलींचा आकार ती नेहमी शून्यच दाखवते आणि उगाच चुकीचा निष्कर्ष निघतो.

शून्य आले की मधली सगळी जोडणी काढून मॉनिटर थेट संगणकाला लावा आणि पुन्हा तपासा. आता १२८ किंवा २५६ दिसले तर ती माहिती तिथल्या तिथे जतन करा: तीच ईडीआयडी फाइल कॅटने वाचून मॉनिटर.बिन नावाने साठवा आणि /लिब/फर्मवेअर/ईडीआयडी हे फोल्डर तयार करून त्यात ठेवा. मग स्विच परत लावा आणि कर्नलच्या ओळीत लिहा:

डीआरएम.ईडीआयडी_फर्मवेअर=एचडीएमआय-ए-१:ईडीआयडी/मॉनिटर.बिन

ड्रायव्हर इनिट्रॅमएफएसमधून लोड होत असेल तर ही फाइलही तिथे असायला हवी, नाहीतर त्याला ती सापडणार नाही आणि बदल वाया गेल्यासारखा दिसेल. आर्चवर एमकेइनिटसीपीआयओ.कॉन्फमधल्या फाइल्सच्या कंसात तिचा मार्ग द्या, इनिट्रॅमएफएस बनवायला ड्रॅकट वापरणाऱ्या वितरणांत इन्स्टॉल_आयटम्स+= या ओळीत, आणि डेबियन-उबुंटूवर ती प्रत करून घेणारी छोटी हुक स्क्रिप्ट /इटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/हुक्समध्ये ठेवा. नवी प्रतिमा तयार करून रीस्टार्ट केल्यावर मोड्स फाइल पुन्हा वाचा: मॉनिटरचे मूळ रेझोल्यूशन तिच्यात असले पाहिजे.